डब्यातून आलेली साखर

समोरच्या सावंतांच्या सुनेचा, अश्विनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवायला बसले होते. "काकू, विजूताई गेल्या... भाजी निवडता निवडताच." मी तशीच उठले आणि नायगावला परतले. विजू चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहायची. मूळची मालवणकडची, हिंदमाताच्या दुकानात आयुष्यभर दुसऱ्यांना साड्या उलगडून दाखवलेली. माझी हक्काने भांडायची मैत्रीण. महिना होत आला, अजून भांडायला कोणी मिळालेलं नाही.

करोनात दुकानाला टाळं लागलं. मालक "कळवतो" म्हणाला, त्याने कधी कळवलंच नाही. नवरा आधीच गेलेला, गावी आजीकडे ठेवलेल्या लेकीचं शिक्षण डोक्यावर. परळच्या एका हॉस्पिटलातल्या नर्सेसचे जेवणाचे हाल होताहेत हे कानावर आलं आणि विजूने डबे सुरू केले. मी घरून काम करत होते. मीटिंग म्यूट करायची आणि तिच्या चपात्या लाटायच्या, हा माझा उद्योग. बघता बघता डबे वाढले. विजू दुकानात होती त्याहून ताठ चालायला लागली.

पण चाळीला ते डबे नको होते. जाणारे चालतील, परत येणारे कसे चालतील? ती ते जिन्याखालीच उकळत्या पाण्यातून काढायची, तरी माणसं अंग चोरून जायची. आणि एक दिवस वॉर्डात नव्याने आलेल्या कणकवलीच्या नर्स पोरीने घोळ घातला. आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत ना, म्हणून तिने डबा घासून त्यात साखर घालून पाठवली. करोनाच्या वॉर्डातून साखर! झाकण उघडलं ते नेमकं सावंतकाकांसमोर. काका चाळ कमिटीचे सेक्रेटरी.

"विजया, आजपासून डबे बंद. नायतर खोली सोड."

पॅसेजमध्ये सगळे जमले. विजूने चहाचं आधण ठेवलं, खळखळ उकळल्यावर त्यात ती साखर ओतली आणि दारात बसून सगळ्यांदेखत प्यायली.

"पोरीन मायेन धाडल्यान, टाकू कशी? पंधरा दिस मी घरात रवतंय. काय झाला तर डबे कायमचे बंद. नाय झाला तर परत कोणी बोलाचा नाय."

शुद्ध मूर्खपणा होता तो. मला तिचा भयंकर राग आला, आजही येतो.

ते पंधरा दिवस मी मोजून काढले. ती संडासाला निघाली की पॅसेजमधली दारं धडाधड लागायची. सावंतकाका स्टूल टाकून कान देऊन बसायचे. मीही भिंतीला कान लावायची... ती खोकली तर सगळंच संपणार होतं. आणि एका दुपारी ती खोकली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. काका उभे राहिले. मी भिंतीवर थाप मारली.

"विजू!" मी ओरडले.

"मिरचेची फोडणी गो! ठसकोव लागाचो नाय?"

मी भिंतीला डोकं टेकलं. हसत होते की रडत होते, कोण जाणे.

पंधरवडा सरला, तिला काही झालं नाही. डबे परत सुरू झाले. चाळ आपापल्या कामाला लागली. एका सकाळी काकांची सून अश्विनी विजूच्या दारात उभी राहिली. तिचीही नोकरी गेली होती. "विजूताई, मला घ्याल?" विजूने एका शब्दाने टोमणा मारला नाही, पोळपाट पुढे सरकवला. त्यानंतर आणखी बायका आल्या. करोना गेला, डबे राहिले.

विजू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरात सुतक. चूल पेटणार नव्हती. बायका पॅसेजमध्ये नुसत्याच उभ्या. वॉर्डातल्या पोरी उपाशी राहतील हे सगळ्यांना कळत होतं, पण एवढा स्वयंपाक करायला आपलं घर कोण देणार? तेवढ्यात सावंतकाका बाहेर आले. आता थकलेत, भिंत धरून चालतात. त्यांनी आपल्या दाराचा पडदा बाजूला केला.

"आमचो गॅस मोकळो आसा," ते म्हणाले. "भात टाका."

डबे वेळेवर गेले. मग अश्विनी आणि मी त्यांच्या ओट्याशी उभ्या राहून पोटभर रडलो.