आबांचा लेप आणि किरणच्या तोरड्या

आमच्या भडगावात पोराचे गाल फुगले की आई डॉक्टरच्या आधी तोताराम आबांचं दार गाठते. आबा कुंभार. गालगुंडावर कुंभाराच्या चाकावरची ओली माती लावायची, ही जुनी रीत. आबा हलक्या हातानं लेप देतात, रडणाऱ्या पोराला हसवतात आणि कुणाकडून काही घेत नाहीत. गालगुंड आपसूकच उतरतं, हे शेजारी म्हणून मी त्यांना कितीदा सांगितलं. म्हातारा ऐकेल तर शपथ!

गेल्या हिवाळ्यात त्यांची नात किरण सकाळी उठली तीच सुजलेल्या डोळ्यांनी. चेहराही फुगलेला. आबांनी लगेच लेप दिला आणि संध्याकाळी चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सूज, पुन्हा लेप, पुन्हा उतार. असं रोज चाललं. मातीला गुण येतोय म्हणून आबा खूश, घरचेही निर्धास्त.

एका संध्याकाळी सून दिपमाला किरणच्या पायांतल्या तोरड्या काढायला बसली, तर त्या निघेनात. तिनं नडगीवर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

"आबा, सूज उतरेल नही," ती हळूच म्हणाली. "तोंडवरनी पायमा गई शे."

सकाळी पहिल्या गाडीनं आबा नातीला कडेवर घेऊन जळगावला गेले. डॉक्टरांनी लघवी तपासली. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जात होती, म्हणून अंगात पाणी साठत होतं. रात्री आडवं झालं की ते चेहऱ्यावर येई, दिवसा खेळल्या-बागडल्यावर पायांत उतरे. मातीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. औषधांनी पोर सावरेल, पण आणखी थांबला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

मला आबांचा राग यायला हवा होता. पण नातीला मीठ बंद केलं म्हणून तेही अळणी भाजी खायला लागले, ते पाहून तो आला नाही.

किरण आता बरी आहे. परवा एक बाई गाल सुजलेलं पोर घेऊन आली. चाकावर माती ओलीच होती. आबांनी हात धुतले, खाली बसून पोराची चप्पल काढली.

"आधी पाय दखाड," ते म्हणाले.

मग पोराच्या नडगीवर बोट दाबून खळगा राहतो का, ते पाहू लागले.