डाव्या पायात जोडवं नव्हतं

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच महिने नुसते वाचते आहे. खरं सांगायचं तर निम्मे वाचताना हसते. मी अमावस्येला नखं कापणारी बाई. मांजर आडवं गेलं तर ते कुठल्या गाडीखाली येत नाही ना, एवढंच बघते. आमच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा हॉल कधी मोकळा आहे ते विचारून काढला होता. मग तू हे कशाला लिहितेस, असं नवऱ्याने आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचून विचारलं. त्याला म्हटलं, तू गप्प बस. तुझं काम त्यात फक्त बुडण्याचं होतं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी पुण्यात टेलिफोन ऑपरेटर होते आणि अविनाश, म्हणजे हाच नवरा, भोसरीच्या एका कारखान्यात होता. आमची ओळख पोहण्याच्या तलावावरची, त्यामुळे लग्नानंतरही रविवार तिथेच जायचे. तिथे गोडबोले सर म्हणून एक बँकेतले गृहस्थ यायचे. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की लोक एका दमात पोहतात, सायकल चालवतात आणि वर पळतात. झालं... आठ-दहा जणांचं आमचं टोळकं जमलं. ट्रायथलॉन हा शब्द घरच्यांच्या तोंडात बसेना, म्हणून सासूबाई त्याला 'तुमचं ते तिहेरी' म्हणायच्या. सायकली साध्याच, मडगार्ड आणि कॅरिअर काढून हलक्या केलेल्या.

आमचा सीझन दिवाळी झाली की सुरू व्हायचा आणि पहिली रेस नेहमी मुळशीला. तेव्हा तलाव भरलेला असतो, पाणी निवळलेलं असतं. मात्र आम्ही कोणीच तयार नसायचो. पावसाळाभर सायकली गंजलेल्या, अंगावर चकल्या-करंज्या चढलेल्या. पहिल्या रेसला प्रत्येक जण 'मी आपला नुसता मजा म्हणून' असं म्हणायचा आणि शिट्टी वाजली की जिवाच्या आकांताने सुटायचा. अविनाश त्यातला पहिला.

जागा नीट सांगते. पौड गेलं, माले मागे पडलं, की थोड्या वेळाने रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेने जाऊ लागतो. तिथे एका वळणाखाली पाण्याचा फाटा आत शिरलाय, आणि वर चढावर तेव्हा पारूबाई नावाच्या बाईंचं घर होतं. सायकली त्यांच्या अंगणात, कपडे बदलायचे ते त्यांच्या माजघरात. त्यांचा दीर होडी घेऊन पाण्याच्या मध्यावर थांबायचा. त्या होडीला वळसा घालून परत काठावर यायचं, असं पोहणं. परतताना दिशा कळावी म्हणून गोडबोले सरांनी काठावर ओल्या गवताचा जाळ केला होता. धूर लांबून दिसतो ना, म्हणून.

बायका आम्ही दोघीच. मी आणि कुंदा. कुंदा एका शाळेत पी.टी. शिकवायची. माझ्यापेक्षा वेगवान, आणि त्याची मला दर वेळी आठवण करून देणारी. माजघरात मी पायातली जोडवी काढली. गेल्या सीझनला पळताना बुटात जोडव्यांनी बोटं सोलवटून निघाली होती. नवरा जिवंत असताना जोडवी काढायची नाहीत म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पण पळायचं मला होतं, म्हणणाऱ्यांना नव्हतं.

"सासूबाईंना सांगून आलीस का?" कुंदा म्हणाली.

"त्यांना बूट घालून पळायचं असेल तेव्हा सांगेन. तू नाही काढत?"

"माझी निघतच नाहीत गं. साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. आता बोटांबरोबरच जायची."

मी माझी पोहण्याच्या चष्म्याच्या डबीत ठेवली. पारूबाई चुलीशी बसून बघत होत्या. त्या उठल्या, डबी उचलली आणि भिंतीतल्या देवळीत देवांजवळ ठेवून दिली. मला जरा हसू आलं.

शिट्टी वाजली तेव्हा ऊन नुकतंच डोंगरावरून उतरत होतं आणि होडी स्वच्छ दिसत होती. अविनाश ठरल्याप्रमाणे उधळला. मी आणि कुंदाने बरोबरच पाण्यात उडी घेतली, तिचा हात मला लागलासुद्धा. पाणी इतकं गार, की पहिले काही हात श्वासच बसेना. खाली तोंड घालून मी फ्रीस्टाइल मारत राहिले. दम जुळल्यावर दिशा बघायला मान वर काढली...

काहीच नव्हतं. धुकं आलं होतं. घाटाच्या बाजूने आलं असणार, पण इतक्या झटकन येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. होडी नाही, डोंगर नाही, माणसं नाहीत. आणि सरांचा तो धूर! धुक्यात धूर कसा दिसणार, हे आम्हा शिकलेल्या लोकांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मी थांबून हाका मारल्या. उत्तरं आली, पण कुठून ते कळेना.

पुन्हा पाण्यात तोंड घातलं, तेवढ्यात मला पुढे पाय दिसले.

आमच्यात 'पाय धरणं' म्हणायचे. पुढच्याच्या पायांमागे अगदी जवळ राहायचं, म्हणजे त्याने कापलेल्या पाण्यात आपल्याला सोपं जातं, आणि दिशा बघायचे कष्ट पुढच्याचे. मान वर काढायची नाही, फक्त ते पाय सोडायचे नाहीत. फुकटेगिरीच ती, पण सगळे करायचे. माझ्या पुढचे हे पाय बाईचे होते, फिकट तळवे, टाचांना भेगा. आणि उजव्या पायाच्या बोटात जोडवं. मला हायसं वाटलं. म्हणजे कुंदा! मग डावा पाय दिसला, त्यात जोडवं नव्हतं. म्हटलं बरं झालं, साबणाने निघालं नाही ते मुळशीने काढलं. काठावर गेल्यावर हिला कसं चिडवायचं, ते मी पोहता पोहता ठरवत होते.

ते पाय मध्येच डावीकडे वळले. मीही वळले. मला वाटलं, हिला होडी दिसली असेल. किती सुरेख किक मारतेय, असंही वाटलं... पायांमागे फेस नाही, बुडबुडे नाहीत, पाणी जरासुद्धा ढवळत नव्हतं. मी दोन-तीनदा जोर लावून जवळ जायला बघितलं, पण अंतर तेवढंच राहिलं. असं किती वेळ चाललं, सांगता येणार नाही.

मग माझा हात कशावर तरी आपटला. मऊ. मी दचकून वर आले. समोर अविनाश होता.

तो उभा होता, म्हणजे पाण्यात उभा. डोकं मागे टाकलेलं, तोंड कसंबसं पाण्याच्या वर, ओठ निळे. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. ओरडत नव्हता, हात मारत नव्हता. बुडणारा माणूस आरडाओरडा करतो अशी माझी समजूत होती. माझा नवरा माझ्यापासून हातभर अंतरावर बुडत होता आणि त्याचा आवाजही येत नव्हता. मी त्याला उताणं केलं, हनुवटीखाली हात घातला आणि किंचाळले, "कुंदा, थांब! मागे ये!"

कोणी आलं नाही. मी ओरडत राहिले. अविनाश दगडासारखा जड झाला होता, दोनदा मीच खाली गेले. मला इतकी भीती आयुष्यात आधी वाटली नव्हती, नंतरही नाही. शेवटी वल्ह्याचा आवाज आला. पारूबाईंच्या दिरांनी माझ्या आवाजाच्या रोखाने होडी आणली आणि आम्हाला वर ओढलं.

"हितं कशाला आलावता तुमी?" ते म्हणाले. "वाट तर पार तिकडं ऱ्हायली."

"कुंदा पुढे आहे. तिला घ्या आधी."

त्यांनी हाका मारल्या, होडी थोडी पुढे नेली, वल्हं थांबवून कानोसा घेतला. "ताई, फुडं कोन न्हाई."

"आहे! मी तिच्या मागेच होते."

"फुडं कोन न्हाई," ते पुन्हा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी होडी वळवली. मी त्यांना नको नको ते बोलले. एका बाईला तुम्ही बुडायला सोडताय म्हणाले. ते ऐकून घेत वल्हवत राहिले. काठ येईपर्यंत अविनाश ओकायला लागला होता, श्वास घेत होता. मी त्याला धरून रडत होते, कारण कुंदाच्या घरी आता काय सांगायचं ते मला कळत नव्हतं.

कुंदा काठावर जाळापाशी बसली होती. अंगावर घोंगडी, हातात चहाची कपबशी.

"अगं, पहिल्याच गारठ्याने छातीत धरलं माझ्या," ती म्हणाली. "चार हात मारून परत आले मी. तुम्हाला काय झालं?"

मी तिथेच, तिच्या पायांशी बसले. तिची पावलं जाळाकडे पसरलेली होती, कोरडी. दोन्ही पायांत जोडवी होती. मी हात लावून बघितली, फिरवून बघितली. घट्ट होती. ती विचारत होती, काय करतेस, आणि मी पुन्हा तिची बोटं चाचपत होते. पाण्यात उतरलेल्या बायका आम्ही दोघीच. त्यातली एक मी. मग माझ्या पुढे कोण होतं?

बाकीचे सगळे होडीवाल्यांच्या हाकांवरून परत आले होते. रेस तिथेच संपली. अविनाशला घरात चुलीजवळ नेऊन निजवलं आणि मी तुटक तुटक जे दिसलं ते सांगायला लागले. गोडबोले सर मान हलवत होते, तापात बरळणाऱ्याचं ऐकतात तसं. पारूबाईंनी मात्र हातातलं काम थांबवलं.

"कंच्या पायात न्हवतं?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

त्यांनी एकदा अविनाशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुजा मानूस घावला न्हवं तुला? मंग गप ऱ्हा आता."

देवळीतली डबी त्यांनी आणली आणि स्वतः माझ्या बोटांत जोडवी घातली. मी विचारलं, मावशी, कोण होती ती? तर म्हणाल्या, "मला काय ठावं? मी नुसतं इचारलं." त्यापुढे त्यांनी कधीच काही सांगितलं नाही. गावात आणखी दोघा-तिघांना विचारलं, त्यांनीही आसं काय न्हाई म्हणून विषय मिटवला.

अविनाशचं म्हणणं असं, की तो धुक्यात वाट चुकून भलतीकडे गेला, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, पुढचं आठवत नाही. आणि मला गारठ्याने भास झाला. बरं, मानलं. गार पाण्यात, दम लागलेला असताना भास होत असतील. पण मला एवढंच सांगा... तो कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. सरांना नव्हतं, होडीवाल्यांना नव्हतं. मग माझ्या भासाला कसं ठाऊक? यावर तो गेली कितीतरी वर्षं 'योगायोग' म्हणतो आणि चहा मागतो. सासूबाईंना जोडव्यांचं कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, काढलीस म्हणून त्याच्यावर बेतलं. मी म्हटलं, मग वाचवायला आलेलीच्या एका पायात का नव्हतं?

पुढच्या वर्षी पहिली रेस पुन्हा मुळशीलाच होती. अविनाशने सायकल आणि पळण्यापुरतं नाव दिलं. मी पोहायला उतरले. लख्ख ऊन होतं, धुक्याचं नाव नव्हतं. माजघरात मी उजव्या पायातलं जोडवं डबीत ठेवलं, डाव्या पायातलं मुठीत घेतलं. होडीपाशी पोचल्यावर वळसा घातला, जरा लांब गेले आणि मूठ उघडली. ते खाली जाताना थोडा वेळ चमकताना दिसलं. मी हे मानत नाही. तरी केलं.

घरी सासूबाईंचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

"दुसरं कुठे गं?"

"मुळशीला."

"पडलं?"

"नाही. दिलं."

त्या म्हणाल्या, "बरं केलंस." दुसरं करून घे असं त्या नंतर कधी म्हणाल्या नाहीत आणि मीही केलं नाही. आजही माझ्या डाव्या पायात जोडवं नाही.

तुमच्यापैकी कोणी याचा उलगडा करू शकलं तर वाचायला आवडेल. मला तो आजवर झालेला नाही. त्या दिवशी मूठ उघडल्यावर काठापर्यंत मी पूर्ण वेळ पाण्याखाली डोळे लावून पोहत आले होते. माझ्या पुढे कोणाचेही पाय नव्हते. आणि काठावर अविनाश टॉवेल घेऊन उभा होता, इतका वेळ कुठे होतीस म्हणून माझ्यावर ओरडत.