त्याच्या हातात काय होतं

तिशी गाठेपर्यंत मी ढाणकीच्या बाजारात चारशे माणसं आडवी केली होती. चारशे जास्त वाटत असतील तर चाळीस धरा. चाळीसही पचत नसतील तर खरा आकडा अकरा आहे. पण त्या अकरांत एक पैलवान होता, आणि एकाला मी वांग्यांच्या ढिगात असा आपटला की त्या दिवशी अर्ध्या बाजारानं घरी भरीतच केलं.

मारामारी हा काही माझा धंदा नव्हता. धंदा शेतीचा. चार एकर, कापूस आणि मधून तुरीच्या ओळी. पण मला शेतकरी म्हणून कोणी ओळखत नसे. गावातल्या हॉटेलात शिरलो की बाकावर आपोआप जागा व्हायची, न मागता चहा यायचा, आणि मी गोष्ट सुरू करायचो. नाक फुटताना कसा आवाज येतो, दात पडला की माणसाची जीभ आधी कुठं जाते, सगळं हातवाऱ्यांसकट. समोरच्याच्या डोळ्यांत भीती दिसली की मला मी कोण आहे ते कळायचं. दुसरा आरसा माझ्या घरात नव्हता.

सगळ्यांत जास्त मागणी थोरल्या भावाच्या गोष्टीला. ती अशी. आमची वाटणी झाली, मधोमध धुरा म्हणजे बांध पडला, आणि होळीच्या आधी भावानं माझ्या बाजूची दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, जमीन नांगरून घेतली. मी जाब विचारायला गेलो. तो कुऱ्हाड घेऊन अंगावर आला. पातं इतकं लखलखीत की मला त्यात माझ्या मिशा दिसल्या. मी वाकलो, वार डोक्यावरून गेला आणि मागची बाभूळ अर्धी तुटून लोंबली. मग मी बैलबंडीची उभारी उपसली. उभारी म्हणजे बंडीच्या कडेला उभी खोचलेली, मनगटाएवढी जाड दांडी. एकच ठेवून दिली, उजव्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज पुसदपर्यंत गेला.

भावानं पोलिसात तक्रार केली नाही. तेही मी गोष्टीत घातलं: माझ्या नावानं ठाणंसुद्धा थरथरतं.

आता खरी अडचण सांगतो. वाटणीत आम्हा दोघांना एकेक बैल आला होता. दोघे एका दावणीला वाढलेले, एका जुवाखाली चाललेले. एका बैलानं वखर चालत नाही. मृग तोंडावर आलेला, माझं वावर ढेकळांनी भरलेलं. ट्रॅक्टरवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "डिझेल नाही." डिझेल होतं. अकरांतला सातवा तो होता. गावात कोणाचा बैल जोडीला मागावा तर ज्याच्या त्याच्या दारात मी कधी ना कधी गोंधळ घातलेला. भर म्हणजे माझा बैल होळीपासून मारका झाला होता. तीनदा त्यानं मला उडवलं. तिसऱ्यांदा मी इतका वर गेलो की शेजारच्या गावाची टाकी दिसली. खाली आलो तो कुंपणाच्या काट्यांत, पाठ सोलून निघाली.

ठरवलं, हा विकायचा आणि दुसरी जोडी बघायची. पण मेच्या डांबरावर खुरं झिजलेला बैल कोण घेणार? म्हणून आधी खुरांना नाला ठोकायला त्याला बाजाराच्या कडेला, चिंचेखाली बसणाऱ्या नालबंद चाचाकडे नेला.

चाचा सत्तरीचा, वजन असेल एका बकरीएवढं. समोरचे दात बैलांनी नेलेले, डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. पण दोर कुठून फिरवायचा आणि कधी ओढायचा हे त्याला असं ठाऊक होतं की हत्तीसारखा बैल त्याच्यापुढे आडवा व्हायचा. त्याची एक रीत होती. बैलाला हात लावण्याआधी मालकाला विचारायचा, "खोड काय?" खोटं सांगणाऱ्याचं जनावर तो परत पाठवी. म्हणे, "डोकसं माह्यं राह्यते त्याच्या खुराजवळ. तू खोटं बोलशीन, मरीन मी."

मी सांगितलं, "मारका आहे, चाचा."

"कोणाले मारते?"

"सगळ्याले."

तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी आपला बैल घेऊन आली आणि माझ्या बैलाच्या थेट शिंगाखालून वाकून पलीकडे गेली. बैलानं तिची ओढणी हुंगली, बस. मी काठी सावरत एक पाऊल पुढं टाकलं, आणि पुढचं मला जमिनीवरून दिसलं. बरगडीत शिंग, तोंडात माती, आणि बाजार हसतोय. म्हातारी सगळ्यांत मोठ्यानं हसत होती.

चाचानं मला काखेत धरून उठवलं. "हा मारका नाही," तो म्हणाला. "हा फक्त तुले मारते. आठ दिवस ठेव हितं. माह्या मान धरणाऱ्याचा जबडा परवा फुटला, त्याच्या जागी तू बस. आठ दिवसांनी हा बैल तुह्या मागून चालन, नाहीतर मी सोता गिऱ्हाईक पाहून देतो."

मान धरणं म्हणजे काय ते सांगतो. दोरानं बैल आडवा पाडला की एकानं त्याच्या मानेवर बसायचं आणि शिंगं जमिनीला दाबून धरायची. चाचा तोपर्यंत खुरं तासतो आणि खिळे ठोकतो. बैल सुटला तर आधी मान धरणाऱ्याचं आतडं बाहेर येतं. पहिल्याच दिवशी मला चार लाथा बसल्या. एक मांडीवर, ती जागा जांभळी झाली, मग हिरवी, मग पिवळी, पोळ्याला रंगवल्यासारखी. एका खोंडानं मान अशी झटकली की शिंगाचं टोक हनुवटीत शिरलं. ती खूण अजून आहे, दाढी तिथं उगवत नाही.

दुपारी ऊन चढलं की काम थांबायचं. गिऱ्हाइकं चिंचेखाली बसायची. आणि चाचा म्हणायचा, "हा पाहा, ह्यानं भावाले कसं मारलं, सांग रे."

मला काय, आमंत्रणच. पहिल्या दिवशी पूर्ण गोष्ट सांगितली, बाभळीसकट. लोक खूश. चाचा खिळे निवडत बसला होता. त्यानं एवढंच विचारलं, "त्याच्या हातात काय होतं?"

"कुऱ्हाड."

"हं," चाचा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोष्ट, पुन्हा तोच प्रश्न. त्या दिवशी ऐकणाऱ्यांत लाकूडतोड करणारा एक जण होता. त्यानं विचारलं, "एका घावात बाभूळ अर्धी? कुऱ्हाड कोणाकडची आनली, मले बी सांग." मी म्हणालो, कुऱ्हाड नसेल, विळा असेल, घाईत कोण बघतो. तिसऱ्या दिवशी तांड्यावरची म्हातारी पुन्हा आली होती, बैलाच्या खुरातला खिळा ढिला झाला म्हणून. तिनं पानाला चुना लावत विचारलं, "इळ्यानं अंगावर येनारा मानूस खांद्यावर मार खाते का रे बाप्पा? हात पुढं राह्यते त्याचा. मनगट मोडाले पाह्यजे."

"काठी होती, माय," मी म्हणालो. "आता आठवलं."

"उद्या काडी होईन," म्हातारी म्हणाली, आणि चिंचेखालचं सगळं मंडळ लोळलं.

त्या रात्री मला झोप लागली, पण मारामारीत आपल्याला जास्त बसली की जशी लागते तशी. सकाळी मी चाचावर उखडलो. त्याची गचांडी धरली. एका हातात मावेल एवढा माणूस. म्हणालो, "रोज रोज तेच काहून इचारतो? मी कोण आहे माहीत आहे का तुले?"

त्यानं माझा हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "माहीत आहे ना. तूच सांगतो रोज. मी तुले तुह्याबद्दल कुठं इचारून राह्यलो? मी भावाबद्दल इचारतो." मग माझ्या मुठीकडे बघत म्हणाला, "सोड आता. हात कामाचा आहे, मानीवर बसायचं आहे तुले."

मी सोडलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं मला माझ्या बैलाकडे पाठवलं, आणि माझी काठी आपल्या मांडीखाली दाबून ठेवली. "रिकामा जा. बोलू नको." मी गेलो. दोन्ही हात उघडे, बैलाला दिसतील असे धरले. बैल फुसफुसला, खुरानं माती उकरली, शिंग खाली घेतलं, आणि तसाच थांबला. त्याचा श्वास माझ्या पोटावर येत होता.

मागून चाचा म्हणाला, "जनावर असं होते कधी, तर त्याच्या डोळ्यासमोर काही झालेलं राह्यते. ह्याच्यासमोर कोणाले मारलं का?"

मी नाही म्हणालो. सातव्या दिवसापर्यंत नाहीच म्हणत होतो. पण हॉटेलातली ती गोष्ट मला आता सांगता येईना. सुरुवात केली की कुऱ्हाड हातातून गळून पडायची, आणि त्या जागी जे होतं ते मला दिसायचं.

आठव्या दिवशी सकाळी कामाला नुकती सुरुवात झाली होती, आणि वाटेनं माझा थोरला भाऊ येताना दिसला. त्याच्या मागं जोडीतला दुसरा बैल. चाचानं त्याला निरोप धाडला होता की तो आपणहून आला होता, मी आजवर विचारलं नाही; आसपास दुसरा नालबंदच नाही. भावानं कासरा डाव्या हातात धरला होता. उजवा हात अंगाला चिकटून, जणू तो कोणा दुसऱ्याचा आहे आणि हा फक्त सांभाळतोय. चिंचेखालच्या माझ्या बैलानं त्या बैलाला पाहिलं आणि असा हंबरला की बाजारातले तराजू हलले. हे मी वाढवून सांगत नाही. थोडंसंच.

भाऊ मला पाहून थांबला. परत वळणार होता. चाचानं त्याच्या हातातून कासरा घेतला.

"खोड काय?"

"काही नाही, चाचा. एकटा चालत नाही. जुवाखाली घेतला की बाजूले पाह्यते आन् बसते."

"हं. आन् हा मान धरन ह्याची. चालन का?"

भाऊ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. चाचा माझ्याकडे वळला. "गिऱ्हाईक नवीन आहे. सांग ह्याले, तू भावाले कसं मारलं."

म्हातारी नव्हती, लाकूडतोड्या नव्हता. दोन बैल, चाचा आणि भाऊ. बाजारात चारशे माणसं आडवी करणारा मी, मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण वावर ढेकळांनी भरलेलं होतं, आणि आज पळालो तर जोडी कायमची तुटली हे मला कळत होतं. फक्त बैलांची नव्हे, हेही कळत होतं.

"ढेप होती," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"घमेलं होतं त्याच्या हातात. सरकीची ढेप होती त्याच्यात, भिजवलेली. माह्या बैलाले चारून राह्यला होता. मी चारा टाकला नव्हता दोन दिवस, बाजारातच होतो."

"कुठून गेला तू?"

"मागून."

"काही बोलला?"

"नाही. वाकला होता थो. मी उभारी काढली आन्…" पुढचं वाक्य झालं नाही. मला ते घमेलं दिसत होतं, उलटं पडलेलं, ढेप मातीत, आणि त्यावर रक्त नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त भाऊ बसला होता आणि खांदा धरून तोंड उघडून माझ्याकडे बघत होता. आवाज पुसदपर्यंत काय, विहिरीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. वाळलेली तुरीची काडी मोडावी तेवढा. बैल दाव्याला हिसके देत होता.

भाऊ शेजारच्या बंडीकडे गेला. त्यानं उभारी उपसली. मी हललो नाही. चाचा खिळे मोजत म्हणाला, "डोकशावर नको मारू बाप्पा, मान धराले पाह्यजे मले हा."

भावानं उजव्या हातानं उभारी उचलली. ती छातीपर्यंत आली. तिथं थांबली. त्यानं दात आवळले, मानेच्या शिरा टरारल्या, कोपर थरथरलं. हात त्याच्यापुढं जाईना. तो पुन्हा जोर करी आणि हात पुन्हा तिथंच अडकी. घाम त्याच्या डोळ्यांत गेला. मी आयुष्यात इतके वार पाहिले, केले, खाल्ले. न आलेला हा वार मला सगळ्यांत जास्त लागला. मनात म्हणत होतो, दादा, एकदा वर जाऊ दे तो हात. फोड माझं टाळकं, पण वर जाऊ दे.

शेवटी त्यानं उभारी डाव्या हातात घेतली आणि माझ्या मांडीवर मारली, बैलानं जांभळी केलेल्या जागेवरच. फटका फार मोठा नव्हता. मी खाली बसलो. हॉटेलात आजवर मी कुठलाही फटका जसाच्या तसा सांगितला नाही. हा एकच आहे जो मला वाढवता आला नाही.

"झालं?" चाचा म्हणाला. "मंग दोर धरा दोघं. ऊन वर येऊन राह्यलं."

भावानं डाव्या हातानं दोर धरला, मी दोन्ही हातांनी. बैल आडवा झाला. मी मानेवर बसलो. चारी पायांच्या दोन-दोन अशा आठही नाला ठोकून होईपर्यंत भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता, बैलाच्या डोळ्यांवरच्या माश्या उडवत होता.

जाताना तो चिंचेखाली थांबला. माझ्या बैलानं मान पुढं केली, भावानं तिला खाजवलं, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाला, "सोमवारी वखर आहे. पहिले माह्या वावरात, मंग तुह्या. बैलाच्या गळ्यातलं जोत मले आवळता येत नाही, थे तू आवळजो."

"हाव, दादा."

"आन् काठी आनू नको."