कोल्हारचे भाऊसाहेब

नगरला मावशीकडे जाते, एवढेच ह्यांना सांगून मी पुण्याहून सकाळच्या एस.टी.त बसले. जायचे होते त्याच्याही पुढे, मनमाड रस्त्यावरच्या कोल्हारला. तिथल्या भाऊसाहेबांना आम्ही दोघांनीही कधी पाहिले नव्हते.

ह्यांना हौशी वायरलेसचा नाद. सरकारी परवाना होता, संच घरातच. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर ठरल्या जागी काटा आणला की रोज सकाळी भाऊसाहेब भेटत. पलटणीत वायरलेसवर नोकरी करून ते गावी शेती बघत होते. उन्हाळ्यात ह्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कायमचा गेला. तरी सकाळी मी संच लावीच. भाऊसाहेब हाक मारत, थांबत, पुन्हा मारत. हे उठून मागच्या अंगणात जात. मला परवाना नाही. ऐकता येई, उत्तर देता येत नसे. पत्र टाकू का, म्हणून विचारले तर पाटीवर लिहीत, ‘नको.’

राहुरीच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. बाभळीखाली शेजारी बसलेल्या बाईंनी भाजक्या शेंगा पुढे केल्या. “कुनाकडं निघाला, बाई?”

“दिरांकडे,” मी म्हणाले. दुसरे नाते सुचेना.

प्रवरेचा पूल आला तेव्हा उन्हे कलली होती. कडुलिंबाला वायरलेसची तार बांधलेले घर गावात सर्वांना ठाऊक होते. भाऊसाहेब उसाला पाणी देत होते. मी नाव सांगताच त्यांनी माझ्या मागे पाहिले.

“सायेब कुठं हायत?”

मी सगळे सांगितले. ते बांधावरच बसले. “मला वाटलं, माझंच काय चुकलं,” एवढेच बोलले.

रात्री त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, शेंगोळी (कुळथाच्या पिठाची रश्शातली कडबोळी) वाढली. भाऊसाहेबांचे जेवणात लक्ष नव्हते. सकाळी गाडीवर सोडायला आले तेव्हा बोलले.

“वैनी, काटा बोलायच्या जागेवर लावूच नका. पार खालच्या टोकाला न्या. तिथं कोनीच तोंडानं बोलत न्हाई, समदे टिकटिकीनं बोलत्यात.”

“ती मोर्सची लिपी ते परवान्याच्या परीक्षेपुरती शिकले होते. विसरले असतील.”

“इसरू द्या. मी सावकाश पाठवीन.”

घरी आल्यावर खरे सांगून टाकले. हे उठून मागच्या अंगणात गेले.

दुसऱ्या सकाळी मी काटा खाली नेला. खरखरीतून टिकटिक आली, अगदी संथ, लहान मुलाला बोट धरून चालवावे तशी. हे अंगणाच्या दारात थबकले. मग परतले, कपाटातून टिकटिकीची पितळी कळ काढली, सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि संचाला जोडली. आधी बोटे अडखळली. पलीकडून तेच पुन्हा आले. हळूहळू दोन्हीकडची टिकटिक एकमेकींत मिसळत गेली आणि ह्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरून पुढे गेले, तर हे हसत होते.

एवढा प्रवास करून मी जे जुळवून आणले, त्यातले एक अक्षर मला कळत नव्हते. त्याचे वाईटही वाटले नाही. संच बंद झाल्यावर मात्र राहवेना.

“काय म्हणाले भाऊसाहेब?”

ह्यांनी पाटी ओढली. ‘विशेष काही नाही. गप्पा.’