निवडणुकीची दवंडी

कचेरीचा दवंडीवाला एरवी गप्पच असे. डफ हाती आला की त्याला कंठ फुटे. गव्हर्नरसाहेबांनी निवडणूक पुकारली, तेव्हा मी कारकून म्हणून त्याच्याबरोबर गावोगाव फिरलो.

वाटेत विचारलं, "तुन्हं मत कोनले?"

"मले मत नही शे, भाऊसाहेब. मी फक्त सांगस."

ज्याला जमीनही नाही आणि शिक्षणही नाही, त्याला तेव्हा मत नसे.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर पोचलो. सगळी माणसं मजुरीसाठी गुजरातेत गेलेली, घरं बंद. मी म्हणालो, "चाल परत. ऐकाले कोन शे आठे?"

त्यानं ऐकलं नाही. प्रत्येक दारापुढे उभं राहून अख्खा हुकूम पुकारला आणि कुणी काही विचारील म्हणून थोडा थांबला.

शेवटच्या दारावरून वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही तरी सगळं ऐकं ना?"