न दाखवलेलं चित्र

ज्यांच्याबद्दल लिहितेय ते माझे सीनिअर होते. पन्नाशी ओलांडलेले, मूळचे माणचे. हिंजवडीचं आयटी पार्क त्यांच्या गावाच्या शिवारात सरकत गेलं आणि आमची छोटी कंपनी त्याच टप्प्यात होती. आम्ही बाकीचे कॅबमध्ये अडकत, डुलक्या काढत पोहोचायचो. ते घरून चालत यायचे. आयटीआय केलेले. टीव्हीच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात बरीच वर्षं काढली, तो बंद झाल्यावर पुस्तकं आणून प्रोग्रॅमिंग शिकले. बोलणं मात्र गावचंच राहिलं होतं. मीटिंगमध्ये त्यांनी 'व्हय' म्हटलं की एकदोघं खाली बघून हसायचे. ते सगळ्यांसमोर मला मॅडम म्हणायचे आणि दोघंच असलो की पोरी.

मी पिंपळे गुरवची. वडील पिंपरीत एका कंपनीच्या पेंट शॉपमधून रिटायर झालेले. हिंजवडीच्या आमच्या कंपनीत मी कंत्राटावर होते. दर सहा महिन्यांनी कंत्राट वाढायचं आणि दर सहा महिन्यांनी वडील विचारायचे, "पर्मनंटचं काय म्हणतात?"

काम होतं कॅमेऱ्याचं. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रॅकेट बनायचे, आणि त्यांचं वेल्डिंग नीट झालंय का ते तपासणारी पेटी त्यांना हवी होती. पेटीत कॅमेरा, आणि तो चालवणारा ड्रायव्हर आम्ही लिहायचा. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला त्या यंत्राशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम.

कॅमेरा म्हटलं की एक वस्तू डोळ्यांसमोर येते. आत ती एक नसते. उजेड टिपणारा सेन्सर वेगळा, त्याच्याकडून तारांवरून येणारे आकडे उतरवून घेणारा रिसीव्हर वेगळा, त्या आकड्यांचे रंग करणारा प्रोसेसर वेगळा, चित्र लहानमोठं करणारा स्केलर वेगळा. हे सिस्टिमला दोन प्रकारे सांगता येतं. एक म्हणजे सगळं मिळून 'हा कॅमेरा' म्हणून एकच मोठा ड्रायव्हर लिहायचा. दुसरं म्हणजे प्रत्येक भाग स्वतंत्र मांडायचा. त्याला आत येणारी तोंडं किती, बाहेर जाणारी किती, कुठलं तोंड कुठल्या तोंडाला जोडलंय आणि त्या जोडावरून कुठल्या प्रकारचे आकडे जातात, हे सगळं लिहून द्यायचं. मग कॅमेरा चालू करण्याआधी प्रत्येक जोडाची दोन्ही टोकं एकमेकांशी जुळतात का हे तपासलं जातं. जुळली नाहीत तर कॅमेरा चालूच होत नाही.

सरांनी दुसरी पद्धत धरली. "जसं हाय तसं सांगायचं," ते म्हणायचे. "चार भाग हायत तर चार सांगायचे. एकच हाय म्हणून खोटं कशापायी बोलायचं? उद्या सेन्सर बदलला तर तेवढाच काढायचा, दुसरा जोडायचा. बाकीच्याला हात लावायला नको."

व्हाइटबोर्डवर त्यांनी चार चौकोन काढले आणि मधे रेघा. सेन्सर, प्रोसेसर आणि स्केलर त्यांनी घेतले. रिसीव्हर मला दिला. तीन वर्षांत एवढं पूर्ण काम मला कुणी पहिल्यांदाच दिलं होतं. मी ते मन लावून केलं, हे आजही खरंच वाटतं.

जोडणी झाली आणि कॅमेरा चालू होईना. चालू करायला गेलं की एकच उत्तर, ब्रोकन पाइप. म्हणजे कुठल्यातरी जोडाची टोकं जुळत नाहीत. पण कुठली, ते सापडेना. एकेका भागाला विचारलं की सगळे बरोबर सांगायचे. सेन्सर म्हणायचा आकडे बारा बिटचे, रिसीव्हर म्हणायचा बारा, प्रोसेसर म्हणायचा बारा. आणि चालू करा, की पुन्हा तेच. सरांनी आपले तिन्ही भाग ओळ न् ओळ वाचून काढले. मग माझाही वाचला. त्यांना काही दिसलं नाही. पाच आठवडे असे गेले. शेवटी शेवटी ते जेवायला उठायचे नाहीत. मी डबा उघडून त्यांच्या टेबलावर ठेवायचे, आणि ते एक हात माउसवर ठेवून खायचे.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी चाकणचा ग्राहक कॉलवर आला. आमचा मॅनेजर माझ्याहून चारपाच वर्षांनीच मोठा असेल. कॉल संपल्यावर त्यानं सरांना सगळ्यांसमोर विचारलं, "सर, चिपवाल्यांनी एका फाइलमधला नमुना ड्रायव्हर दिलाय. त्यात तासाभरात चित्र येतं. आपण पाच आठवडे काय करतोय?"

"त्यो नमुना ह्याच एका सेन्सरला चालतो," सर म्हणाले. "उद्या सेन्सर बदलला तर?"

"उद्याचं उद्या बघू. आज चित्र कुठाय?"

सर म्हणाले, "मांडणीत माझंच कायतरी चुकलंय. सापडंल."

मॅनेजरनं सांगितलं, सोमवारपासून नमुना वापरायचा, काम मॅडम करतील, सरांनी हॅन्डओव्हर द्यावा. बाहेर पडताना तो मला हळूच म्हणाला, "तीन आठवड्यांत हे गेलं तर पर्मनंटसाठी तुमचं नाव मी पाठवतो."

शुक्रवारी सर आले नाहीत. माझ्या माहितीत ती त्यांची पहिलीच रजा होती. सोमवारी जुनं सगळं बाजूला पडणार म्हणून मी सकाळी माझा रिसीव्हरचा कोड एकदा शेवटचा वाचायला बसले. साडेदहाच्या सुमारास चूक सापडली. ती माझी होती. मी आकड्यांच्या प्रकाराची नोंद दोन ठिकाणी ठेवली होती. कुणी विचारलं की नवी नोंद वाचून उत्तर दिलं जायचं, बारा बिट. पण चालू करतानाच्या तपासणीत माझा कोड जुनी नोंद वाचायचा, आणि तिथं सुरुवातीला टाकलेले दहा बिट तसेच होते. एक ओळ होती. सरांच्या मांडणीत काहीच चुकलेलं नव्हतं. उलट ती तपासणी पाच आठवडे बरोबर सांगत होती की एक टोक जुळत नाहीये.

मी ओळ बदलली आणि चालू केलं.

चित्र आलं. टेबलावर चाकणहून आलेला नापास ब्रॅकेट होता, त्यावर कारखान्यातल्या कुणीतरी लाल रंगाचा पट्टा मारलेला. तो पट्टा, वेल्डिंगचे खवले, मागे माझ्या बाटलीचं झाकण, सगळं स्वच्छ. लोक नाश्त्याला गेले होते. मी फोन हातात घेतला, सरांचं नाव काढलं.

आणि मग विचार करत बसले. विचार करायचा नव्हता, पण केला. फोन केला असता तर सर धावत आले असते. चित्र दाखवलं असतं, त्यांची पद्धत राहिली असती. पण मग कुणीतरी विचारलं असतं की पाच आठवडे अडलं कुठं, आणि मला म्हणावं लागलं असतं, माझ्याकडे. कंत्राट संपायला दोन महिने होते. वडिलांना काय सांगायचं हेही मनात आलं. त्यानंतर मी अजूनही बरीच कारणं शोधली आहेत. एकही धड नाही.

मॅनेजर चहाचा कप घेऊन येताना दिसला. मी स्क्रीनवरची चित्राची खिडकी बंद केली.

"सुरू केलं का नवीन?"

"करतेय," मी म्हटलं.

तो गेला. मग मी बदललेली ओळ पूर्वीसारखी केली आणि त्या चित्राची जतन झालेली एकमेव फ्रेम पुसून टाकली. हे कुणी सांगितलं नव्हतं. का केलं, मला सांगता येत नाही. ओळ तशीच राहू दिली असती तर निदान पुढं कुणाला तरी सापडली असती.

पुढच्या बुधवारी सरांना एचआरनं बोलावलं. अर्ध्या तासात ते राजीनामा देऊन बाहेर आले. टेबल आवरायला त्यांना फार वेळ लागला नाही. जाताना माझ्याकडे थांबले.

"जमतंय का पोरी?"

"होईल सर."

"त्या नमुन्यात मेमरी सुटत न्हाई नीट. बंद करताना बघ तेवढं. न्हाईतर दोन दिवसांत पेटी बंद पडंल."

मी मान हलवली. ते म्हणाले ते खरं होतं. तिथंच मेमरीची गळती होती, आणि त्यांनी सांगितलं नसतं तर मला ती सापडली नसती. काम तीन आठवड्यांत गेलं. मॅनेजरनं केक मागवला. दोन महिन्यांनी मी पर्मनंट झाले. वडिलांनी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत पेढे वाटले, आणि मी आजारी असल्याचं सांगून आत पडून राहिले.

पुढं व्हायचं तेच झालं. दीडएक वर्षानं तो सेन्सर बनायचा बंद झाला. नव्या सेन्सरला आमचा एकसंध ड्रायव्हर चालेना. जिथं हात लावावा तिथं जुन्या सेन्सरचे आकडे भिनलेले. मी चार महिने ठिगळं लावली. ग्राहक कंटाळून दुसरीकडं गेला. प्रोजेक्ट बंद झालं, मॅनेजर कंपनी सोडून गेला आणि मला टेस्टिंगला टाकलं. शेवटच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की सुरुवातीलाच नीट मांडणी करायला हवी होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी माणला गेले. सर आता जवळच्याच एका मोठ्या सोसायटीत देखभालीचं काम बघत होते. लिफ्ट, इंटरकॉम, पाण्याचे पंप. मधल्या काळात त्यांनी बऱ्याच ठिकाणी मुलाखती दिल्याचं ऐकलं होतं. त्या वयाच्या माणसाला कुणी घेतलं नाही. घरी ते आणि त्यांच्या पत्नी होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली, चहा आणला.

"तुमचं लई नाव घ्यायचे," त्या म्हणाल्या. "डबा द्यायची म्हनून."

मी चहा तसाच ठेवला आणि सांगून टाकलं. दोन नोंदींचं, शुक्रवारचं, चित्र आल्याचं. सांगताना मी जमिनीकडे बघत होते. संपल्यावर वर बघितलं, तर सर समोरच्या भिंतीकडे बघत होते.

तिकडे बघतच त्यांनी विचारलं, "लाल बरोबर आला हुता?"

लाल आणि निळ्याची अदलाबदल होते की काय, ही त्यांना पहिल्यापासून भीती होती. प्रोसेसरचा तो भाग त्यांनी लिहिलेला होता.

"बरोबर आला होता सर. पट्टा लालच दिसत होता."

"फ्रेम हाय का ती?"

"नाही. पुसली मी."

त्यांनी मान हलवली, जणू मी सुटे नाहीत म्हणून सांगितलं होतं. मग उठले, चपला घातल्या. "सी विंगची लिफ्ट बंद हाय. बघून येतो. तू चहा घे." आणि गेले. जाताना पाठीत वाकलेले दिसले, पण ते कदाचित आधीपासूनच तसे असतील. मी कधी नीट बघितलं नव्हतं.

त्यांच्या पत्नी दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांना बिट आणि फ्रेम कळलं नसेल, पण बाकीचं कळलं होतं.

"नोकरी गेल्यावर पाच म्हैने," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी आंगोळ करून वही घिऊन बसायचे. चौकोन काढायचे, रेगा वडायचे. मी म्हनायची, आता कशाला? म्हनायचे, कुटं चुकलं त्ये तरी कळू दे. न्हाई सापडलं. मग एक दिस म्हनाले, आपल्याला ह्ये कदी येतच नव्हतं बग. नुसतं वाटत हुतं." त्या थांबल्या. "एक फोन केला असता तर, बाई."

आवाज चढला नव्हता. मला वाटतं, चढला असता तर बरं झालं असतं. मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी माझ्यासमोरचा गार झालेला कप उचलला आणि आत गेल्या. मी थोडा वेळ बसून राहिले. कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा उठले.

सांगितलं की हलकं वाटेल असं समजून गेले होते. तसं काही झालं नाही. उलट आता त्यांनाही माहीत झालं होतं की ते पाच महिने फुकट गेले, आणि वहीत नसलेली चूक ते वहीत शोधत होते. हे न सांगणं वाईट होतं की सांगणं, ते मला आजही ठरवता येत नाही.

एवढं तरी करावं म्हणून मी ते चित्र पुन्हा काढायचं ठरवलं. सरांची मांडणी, माझी दुरुस्त ओळ, एक फ्रेम, आणि ती त्यांना नेऊन द्यायची. सोमवारी लॅबमध्ये विचारलं. कॅमेरा ज्याला जोडलेला होता तो सर्किट बोर्ड भंगारात गेला होता, प्रोजेक्ट बंद झाल्यावर सगळे बोर्ड एकदमच उचलले होते. कोडचं विचारलं तर नमुन्यावर जाताना जुनी शाखा, म्हणजे सरांच्या मांडणीची वेगळी ठेवलेली प्रत, काढून टाकलेली निघाली. नोंदीत काढणाऱ्याचं नाव होतं. माझंच होतं, आणि मला ते केल्याचं आठवतही नव्हतं.

सरांना मी त्यानंतर दोनदा फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला आणि म्हणाले, "मॅडम, मी कामावर हाय. नंतर बोलू." आम्ही दोघंच बोलत असताना त्यांनी मला मॅडम म्हटलं. पुन्हा फोन करायचा धीर मला झालेला नाही.