कांदा चाळीतली आत्या

परवा माझ्या भावाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. नाशिकचं घर सगळ्यांना सोयीचं, म्हणून कार्यक्रम माझ्याकडे. आई सकाळीच कळवणहून आली आणि चहा घ्यायच्या आधी तिनं काय केलं? माझ्या लेकीच्या फिटच्या गोळ्यांचा डबा उचलून कपाटात, साड्यांच्या मागे सरकवला. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, "पोरीला आत बसव. लोकांच्या तोंडाला कोण लागंल?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण हा खेळ मी लहानपणी पाहिलाय.

माझ्या धाकट्या आत्याला फिट यायची. फिट आली की बुक्कीनं कांदा फोडून नाकाशी धरायचा, एवढाच आमच्या घरचा इलाज. डॉक्टरकडे नेलं तर बोभाटा होईल, म्हणून नेलंच नाही. माझ्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा आत्याला घरामागच्या कांदा चाळीत बसवलं, बांबूच्या पट्ट्यांआड, साठवलेल्या कांद्यांच्या ढिगाशेजारी. मला पढवून ठेवलं होतं, "कोणी इचारलं तर सांग, आत्या वणीला गेली."

पोहे वाटणं चाललं होतं आणि मागून धडपड ऐकू आली. मी पळत गेले. आत्या कांद्यांवर आडवी पडून हातपाय झाडत होती, तोंडातून रक्त येत होतं. मी धावत येऊन आईला सांगितलं. आईनं पदराआडून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मला बोलताच येईना. पाहुण्यांकडे बघून ती हसली. "मांजर शिरलं आसंल चाळीत. घ्या ना, पोहे घ्या."

पाहुणे जाईपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. अख्ख्या ढिगावर पडलेली बाई कांद्याच्या वासानं शुद्धीवर येत नाही, एवढं तरी त्या दिवशी कळायला हवं होतं! आत्याचे पुढचे दात गेले. पुढे मरेपर्यंत ती तोंडावर पदर धरूनच बोलली. आणि घरात पेढे वाटले, कारण लग्न जमलं होतं.

लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा कळलं की तिच्या नणंदेलाही फिट येते. आमची माणसं त्यांचं घर बघायला गेली, तेव्हा तिला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. दोन्ही घरांनी एकमेकांना उल्लू बनवलं आणि वर घराण्याची अब्रू राखली म्हणून मिरवलं. असल्या अब्रूला आग लागो. आईलाही लहानपणी कोणीतरी असाच चिमटा काढला असणार, मला समजतं. पण म्हणून तिला माफ करायचं? मी नाही करत.

मी कपाटातून डबा काढला आणि बैठकीच्या टेबलावर मधोमध ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. माझी लेक सोफ्यावरून उठून गुपचूप आतल्या खोलीकडे निघाली.

"कुठे चाललीस?"

"आत. आजीकडे सुट्टीत पाहुणे आले की मी चाळीतच बसते ना. कोणी विचारलं तर मी वणीला गेलेय."

मी तिचा हात धरला आणि दार तिलाच उघडायला लावलं. आई मागून माझ्या दंडाला चिमटा काढत होती.